वर्ध्याच्या उन्हात कयाक

पहाटे ५
मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा जोराची कामं उजाडतानाच उरकायची. प्लाय ४ मिमीचा, आयएस ७१० शिक्क्याचा. त्याच्या चाचणीत नमुना ७२ तास पाण्यात उकळतात. पत्रा ८ फुटांचा आणि कयाक साडेपंधरा फुटांची, म्हणून सांधा आलाच. बुडाच्या फळ्या काल सांधल्या, आज वरच्या झाकणाच्या. जाडीच्या आठपट, म्हणजे ३२ मिमीचा उतार रंध्याने काढायचा. प्लायचे थर पट्ट्यांसारखे दिसू लागतात. पट्ट्या सरळ निघाल्या की उतार एकसारखा आला.

सकाळी ७
काल सांधलेल्या बुडाच्या फळ्यांच्या कडांना बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाके घालायचे. पक्कडीने पीळ देता देता सपाट फळ्या उभ्या राहतात, पोट धरतात. शेजारचे सुतारकाका बजावतात, "लय पिळू नोको, कडा फाटन!" मग दोन सरळ पट्ट्या आडव्या टाकून एका डोळ्याने पाहायचं. त्या समांतर दिसल्या तर होडी पिळलेली नाही.

दुपारी १२
सांधे भरायच्या एपॉक्सी डिंकाचा डबा उन्हात बंद. आळीतली शाळकरी पोरं सावलीत सागाच्या पट्ट्या घासायला येतात. एकास आठ हे प्रमाण त्यांना पहाटे काढलेल्या उतारावर बोट फिरवून कळतं. १९३७ साली याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षणाचा आग्रह धरला होता. तो मला इथे रोज पटतो.

संध्याकाळी ७
पारा उतरू लागला की खरं काम, एपॉक्सीचं. तापत्या लाकडातली हवा फुगून लेपात बुडबुडे येतात. निवत्या लाकडात ती आत ओढली जाते आणि लेपही मुरतो. दर १० अंशांमागे एपॉक्सी साधारण दुप्पट वेगाने घट्ट होते, म्हणून हार्डनर संथ जातीचा आणि मिश्रण थोडंथोडंच. ते पेल्यात ठेवलं तर आपल्याच उष्णतेने धुमसतं; पसरट ताटलीत जास्त टिकतं. हातमोजे, मास्क घालून लाकडाचं बारीक पीठ कालवायचं आणि दोन तारांमधल्या सांध्यांत भरायचं.

रात्री १०
भांडी पुसली. पहाटे लेपावर नख दाबून बघेन. खूण उमटली, तर तारांना हात लावणार नाही. तारा निघाल्या की सगळा भार या लेपावरच येतो. उद्याच्या संध्याकाळी त्यावर काचतंतूची पट्टी चढेपर्यंत.