मांजर तेच, शिंका नव्या

मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, असं कर्जत-खालापूरच्या घराघरांत सांगतात. दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवताना, नातवाच्या ताटाजवळून मनीला हाकलताना आजीच्या तोंडी हेच असतं. यातलं अर्धं खरं आहे. मांजराचा आणि दम्याचा संबंध आहेच. पण तो पोटातून नाही, आणि केसामुळेही नाही. गिळलेला एखादा केस पोटातून तसाच बाहेर पडतो. त्रास देणारी वस्तू केसावर चिकटलेली असते, ती डोळ्यांना दिसत नाही आणि शरीरात शिरते ती नाकावाटे.

ते एक प्रथिन आहे. शास्त्रज्ञांनी त्याला ‘फेल डी १’ असं नाव दिलं आहे. मांजराच्या कातडीतल्या तेलग्रंथींत आणि लाळेत ते तयार होतं. मांजर दिवसातून कितीतरी वेळा अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते आणि कोंड्याबरोबर तिचे कण झडतात. त्यांतले बरेचसे ५ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात; आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. इतके हलके कण तासन्‌तास खाली बसत नाहीत आणि श्वासाबरोबर फुप्फुसांच्या बारीक नळ्यांपर्यंत पोचतात. कपड्यांना चिकटून ते गावभर फिरतात. मांजर कधी पाळलंच नाही अशा घरांत, शाळेच्या वर्गांत, बसच्या सीटवरही हे प्रथिन सापडलं आहे. त्यामुळे ‘केस न गळणारं मांजर आणा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. हे प्रथिन अजिबात नसलेली मांजराची जात नाही. बोक्यात ते जास्त असतं, नसबंदीनंतर कमी होतं, एवढाच काय तो फरक.

आता खरा प्रश्न. जे मांजर आठ वर्षं मांडीवर झोपलं, त्याचा त्रास आत्ताच का सुरू व्हावा? शिंका, डोळ्यांची खाज, पहाटे छातीत शिट्टीसारखा आवाज हे सगळं वयाच्या चाळिशीत सुरू झालेला माणूस मांजरावर शेवटी संशय घेतो. ‘ते तर कधीपासून आहे घरात,’ असं म्हणून तो हवेला दोष देतो, सांडग्यांना देतो, नव्या रंगाला देतो.

पण ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नसते. शरीराला ती आधी शिकावी लागते. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला, तोच मुळी एकदा ओळख झालेल्या शरीराचं वागणं बदलतं हे पाहून. त्यामागची यंत्रणा हाती यायला आणखी साठ वर्षं लागली. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत १९६६ मध्ये ‘आयजीई’ हे प्रतिपिंड ओळखलं, आणि त्यासाठीच्या चाचण्या त्यांनी स्वतःच्या कातडीवर करून पाहिल्या. स्वीडनमध्येही त्याच सुमारास हाच शोध स्वतंत्रपणे लागला. निरुपद्रवी प्रथिनाला रोगप्रतिकारयंत्रणा चुकून परजीवी कृमीसारखा शत्रू ठरवते, तेव्हा त्याच्याविरुद्ध आयजीई तयार होतं. ते नाकाच्या, डोळ्यांच्या, श्वासनळीच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं. इथपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही. ही तयारी काही महिने चालते, कधी काही वर्षं. मग एक दिवस तेच प्रथिन त्या पेशींवरच्या प्रतिपिंडांना येऊन चिकटतं, पेशी आपला साठा रिता करतात, हिस्टामिन बाहेर पडतं आणि पहिली शिंक येते. आपल्याला जी सुरुवात वाटते, ती या गोष्टीची शेवटची पायरी असते.

याला एक उलटी बाजूही आहे, आणि मला ती सगळ्यांत विलक्षण वाटते. थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या घरात मांजराचं प्रथिन भरपूर होतं, अशा अनेक मुलांच्या रक्तात त्याच्याविरुद्धचं आयजीई नव्हतं. त्याऐवजी ‘आयजीजी’ वर्गातली, शांत स्वभावाची प्रतिपिंडं होती. म्हणजे रोजच्या सहवासाने शरीराने मांजराला मान्य करून टाकलं होतं. ही मान्यता मात्र सगळ्यांना मिळत नाही, आणि मिळाली तरी कायमची असते असं नाही. नेरळची किंवा खोपोलीची मुलगी शिकायला पुण्याच्या वसतिगृहात जाते, दिवाळीला घरी येते आणि लाडक्या मांजराला उचलताच तिचे डोळे चुरचुरायला लागतात. ॲलर्जीच्या डॉक्टरांना हा प्रकार जगभर परिचयाचा आहे. सहवास तुटला की सवयही ओसरते.

मांजर तेच राहिलं तरी घर बदललेलं असू शकतं. जुन्या कौलारू घरात वारा आरपार जायचा, जमीन रोज झाडली-सारवली जायची, आणि मांजर निम्मा दिवस पडवीत नाहीतर कणगीमागे उंदरांवर टपलेलं असायचं. आता कर्जत, नेरळ, खोपोलीत इमारती उभ्या राहिल्या. सरकत्या काचा, जाड गाद्या, सोफा, पडदे, आणि डासांच्या भीतीने संध्याकाळी बंद होणाऱ्या खिडक्या. गादी आणि सोफा ही या प्रथिनाची कोठारंच. जे मांजर अंगणात विखरून टाकायचं, ते सगळं आता एका बेडरूममध्ये साठतं.

त्यात आपला पावसाळा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी धरते, आणि गादीत धुळीतले माइट्स वाढतात. हे सूक्ष्म किडे पाणी पीत नाहीत. हवेतलाच दमटपणा शोषतात आणि आपल्या झडलेल्या कातडीवर जगतात. त्यांची ॲलर्जी भारतात फार आढळते. याच चार महिन्यांत भिजलेलं मांजरही घरातच मुक्काम ठोकतं. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात खळ्यावर भाताची झोडणी होते, मांजर पेंढ्यात लोळतं आणि ती सगळी धूळ अंगावर घेऊन पांघरुणात शिरतं. शिंका मांजर जवळ आल्यावरच येतात हे खरं असतं; पण दोषी मांजराचं प्रथिन, माइट की बुरशी, हे अंदाजाने सांगता येत नाही. पुष्कळदा एकाच माणसाला दोन-तीन गोष्टींची ॲलर्जी असते.

म्हणून तपासणीआधी मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येणं मला साफ अमान्य आहे. एक तर ते क्रौर्य आहे. पाळीव प्राण्याला उपासमारीच्या तोंडी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा ठरतो. दुसरं, त्याने लगेच काही साधतही नाही. मांजर घरातून गेल्यावर तिथल्या प्रथिनाचं प्रमाण मांजर नसलेल्या घराइतकं खाली यायला २० ते २४ आठवडे लागू शकतात, असं १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. आठवड्याभरात शिंका थांबल्या नाहीत म्हणून ‘मांजर नव्हतंच कारण’ असा निष्कर्ष काढणाराही फसतो.

तपासणी अवघड नाही. हातावर टोचून करायची त्वचाचाचणी असते, नाहीतर रक्तातलं विशिष्ट आयजीई मोजतात. सर्दीच्या ज्या गोळ्या आपण सर्रास घेतो, त्या ॲलर्जीच्याच असतात आणि त्वचाचाचणी बिघडवतात. त्या किती दिवस आधी थांबवायच्या हे डॉक्टरांना विचारावं. निदान मांजराचंच झालं, तर पहिलं काम म्हणजे झोपायची खोली मांजराला कायमची बंद करणं, आणि गादी-उशीला घट्ट विणीची खोळ घालणं. मांजराला आंघोळ घातल्याने प्रथिन उतरतं, पण आठवड्याभरात पुन्हा पूर्ववत होतं. त्या बिचाऱ्याला दर रविवारी छळण्यात अर्थ नाही. नाकात मारायचे स्टिरॉइडचे फवारे नियमित वापरले तर चांगले लागू पडतात. ॲलर्जीची लस हा तीन ते पाच वर्षांचा उपचार आहे आणि तो तज्ज्ञाकडेच घ्यावा. परदेशात २०२० पासून मांजरांसाठी एक खाद्य विकलं जातं. त्यात कोंबडीच्या अंड्यातून मिळवलेली प्रतिपिंडं असतात; ती मांजराच्या लाळेतच फेल डी १ ला निष्प्रभ करतात. त्याने प्रमाण घटतं, संपत नाही.

नुसत्या शिंका असतील तर बहुतेक घरांत माणूस आणि मांजर एकत्र राहू शकतात. छातीत घरघर होत असेल, रात्री दम लागून जाग येत असेल, तर गोष्ट वेगळी. तो दमा आहे असं धरून लगेच डॉक्टरांकडे जावं, इनहेलर दिला तर लाज न बाळगता घ्यावा. तरीही दमा आटोक्यात येत नसेल, तर मांजरासाठी दुसरं चांगलं घर शोधावं. कर्जत-खालापुरात भाताच्या कोठारासाठी मांजर हवं असलेला शेतकरी शोधायला फार लांब जावं लागत नाही.