कड्याखालची दगडांची रास : धोक्याची जुनी नोंद

हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात, सांगला खोऱ्यातील बटसेरी येथे २५ जुलै २०२१ रोजी डोंगरावरून सुटलेल्या शिळा पर्यटकांच्या वाहनावर आदळून नऊ जणांचा मृत्यू झाला. बास्पा नदीवरील लोखंडी पूलही कोसळला. त्यानंतर सतराच दिवसांनी त्याच जिल्ह्यातील निगुलसरी येथे राष्ट्रीय महामार्गावर दरड कोसळून २८ जणांना प्राण गमवावे लागले. अशा दुर्घटना ‘अचानक’ घडल्याचे सांगितले जाते. शिळा सुटण्याची वेळ सांगता येत नाही, हे खरे. परंतु ती कोठवर पोहोचू शकते, याची खूण बहुधा पायथ्याशी आधीपासून असते.

उंच कड्यांच्या तळाशी धारदार कडांच्या दगडांची उतरती रास साचते. भूशास्त्रात तिला ‘टॅलस’ म्हणतात. उंच पर्वतांत तिचा उगम प्रामुख्याने पाणी आणि थंडी यांत असतो. खडकाच्या भेगांत शिरलेले पाणी गोठताना त्याचे घनफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि भेग रुंदावते. गोठण्या-वितळण्याचे हे चक्र वर्षानुवर्षे चालते. अखेर बर्फ वितळताना, मुसळधार पावसात किंवा भूकंपाच्या धक्क्याने सैल झालेला दगड निखळतो.

पडलेले दगड राशीत सरमिसळ पडत नाहीत. लहान दगड वरच अडकतात, तर मोठ्या शिळा अधिक वेगाने तळापर्यंत, काही वेळा त्याही पलीकडे जातात. राशीचा उतार साधारणतः ३० ते ४० अंशांचा असतो. त्याहून तीव्र उतारावर सुटे दगड टिकत नाहीत. त्यामुळे नदीने पायथा कोरला किंवा रस्त्यासाठी तो कापला, की वरचा भाग घसरू लागतो. कोसळलेला मलबा पायथ्याकडून उपसत गेल्यासही हाच धोका संभवतो.

सह्याद्रीत गोठणाऱ्या पाण्याऐवजी मोसमी पाऊस हेच काम करतो. येथे बेसाल्टच्या कठीण थरांमध्ये काही ठिकाणी मऊ, लालसर थर आढळतात. मऊ थर लवकर झिजतो, वरचा कठीण खडक आधाराविना पुढे उरतो आणि भेगांत पाणी भरल्यावर तुटतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली होती. या मार्गावरील घाटात धोकादायक कड्यांवर लोखंडी जाळ्या बसवण्यात आल्या आहेत.

जाळ्या आणि संरक्षक भिंती लहान दगड थोपवू शकतात. प्रचंड शिळांपुढे त्यांची मर्यादा उघड होते. म्हणून पायथ्याची रास वाचणे महत्त्वाचे ठरते. दगडफूल आणि झुडपे वाढलेले दगड दीर्घकाळ हललेले नसतात. ताज्या, उजळ रंगाचे दगड व मोडलेली झाडे कडा अजून ढासळत असल्याचे दाखवतात. राशीपासून दूर एकट्या पडलेल्या शिळा धोक्याची बाहेरची सीमा सुचवतात.

डोंगराळ भागात सपाट जागा दुर्मीळ असल्याने घरे, हॉटेले आणि वाहनतळ नेमके या सीमेच्या आत उभे राहतात. बांधकामास परवानगी देण्यापूर्वी अशा राशी आणि दूरवर गेलेल्या शिळा नकाशावर नोंदवणे, हा जीवितहानी टाळण्याचा तुलनेने स्वस्त उपाय आहे.