साक्षीला पाणकिडे

नांदूर मध्यमेश्वरला शाळांच्या सहली जातात त्या थंडीत, पाहुणी बदकं बघायला. गोदावरी-कादवा संगमावरचं हे पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, म्हणून 2020 मध्ये जाहीर झालं. दुर्बिणी सगळ्यांच्या गळ्यात. काठच्या चिखलात कोणी हात घालत नाही. पाण्याची परीक्षा मात्र तिथूनच घेता येते.

या परीक्षेतला रसायनांचा भाग शाळेच्या प्रयोगशाळेतही जमतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची रीत हंगेरीच्या लायोश विंकलरने 1888 मध्ये दिली. बाटली बुडवून, एकही बुडबुडा न ठेवता भरायची. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. साका तपकिरी झाला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. नेमका आकडा पुढे टायट्रेशनने निघतो. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ लिटरला किमान 4 मिलिग्रॅम धरतं.

गोम आहे वेळेत. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात भर उन्हात हा आकडा झकास येतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत राहतात. सहल पोचते अकरा वाजता! त्यामुळे एका बाटलीवरून पाण्याला पास करणं धाडसाचंच.

पाणकिडे मात्र तिथे आठवडेच्या आठवडे राहिलेले असतात. जाळीतला गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून जरा थांबलं, की हालचाल दिसू लागते. मेफ्लायचं पिल्लू शेपटीच्या तीन धाग्यांवरून ओळखावं. पोटाच्या दोन्ही कडांना त्याचे पानांसारखे कल्ले फडफडतात. शेजारीच वळवळते कायरोनोमसची लालभडक अळी. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणून कोंदट गाळातही तिचं भागतं. पाणकिड्यांवरून पाण्याची स्वच्छता जोखणाऱ्या ब्रिटनमधल्या जुन्या गुणपद्धतीत मेफ्लायच्या काही कुळांना 10 गुण मिळत, या अळीच्या कुळाला 2. नुसत्या लाल अळ्याच सापडल्या, तर वरून सांडपाणी येतंय का, हे बघायला हवं.

नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्यात जाळी टाकायला वनखात्याची परवानगी लागते. सरावाला गावचा पाझर तलाव बरा. पण तिथलं पाणी साचलेलं आणि ही गुणपद्धती वाहत्या नद्यांसाठी बेतलेली. तेव्हा दुसऱ्या गावच्या नदीशी तुलना न करता त्याच तलावाची पावसाळ्याआधीची आणि नंतरची नोंद ताडून बघावी. लोणार सरोवर तर या मापात बसणारच नाही. तेही रामसर स्थळ, पण पाणी खारट आणि सामू दहाच्या आसपास. तिथे मेफ्लाय मिळाली नाही, तर दोष प्रदूषणाला देता येत नाही.