सिकलसेल : मधले काही सेकंद

19 जूनचा जागतिक सिकलसेल दिन तोंडावर आला आहे. फलक लागतील, फेऱ्या निघतील, किती लाख लोकांची तपासणी झाली याचे आकडे जाहीर होतील. यंदा त्यात जनुकीय उपचाराच्या चर्चेचीही भर आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने विकसित केलेला 'बिरसा 101' हा क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रावर आधारलेला देशी उपचार जाहीर झाला. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आलं. तेव्हापासून 'आता हा आजार मुळातून जाणार का?' असं सिकलसेलग्रस्त मुलांचे आईवडील डॉक्टरांना विचारू लागले आहेत. प्रश्न रास्तच आहे. पण त्याचं उत्तर मिळेपर्यंत विदर्भातल्या शाळा उघडलेल्या असतील, आणि त्या शाळांमध्ये याच महिन्यापासून करता येण्यासारखं खूप काही आहे. ते काय, हे कळण्यासाठी एका लाल रक्तपेशीच्या आत काही सेकंदांत काय घडतं ते पाहावं लागेल.

नागपूरच्या धरमपेठ, शंकरनगर, गोकुळपेठ या पट्ट्यात सिकलसेलचा विषय काढला की बहुतेकांना गडचिरोली आठवतं. हा आजार तिकडचा, जंगलातला, आपल्या वस्तीत त्याचं काय काम, असा समज पक्का बसलेला आहे. वस्तुस्थिती अशी की भारतातल्या सिकलसेलच्या अभ्यासात नागपूरचं नाव सुरुवातीपासून आहे. 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्ये लाल रक्तपेशींतला हा दोष आढळला. त्यानंतर सहाच वर्षांनी, 1958 मध्ये, नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दलचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आणला. पूर्व विदर्भातल्या अनुसूचित जाती, जमाती आणि अनेक ओबीसी समाजांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या आहे. देशातल्या काही आदिवासी समाजांत तर वाहकांचं प्रमाण शंभरात पस्तिसापर्यंत गेलेलं आहे. आणि आज याच जिल्ह्यांतली मुलं शिकवणीसाठी धरमपेठेत रूम करून राहतात. त्यांच्यातल्या काहींकडे 'एसएस पॅटर्न', म्हणजे प्रत्यक्ष आजार, असं लिहिलेला रिपोर्ट असणारच. तो वर्गात कोणाला दाखवावा असं वातावरण आपण ठेवलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हा दोष डोळ्यांनी पाहायची एक जुनी, साधी पद्धत आहे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात प्राणवायू शोषून घेणाऱ्या सोडियम मेटाबायसल्फाइटचा थेंब मिसळायचा, वर कव्हरस्लिप ठेवून कडा व्हॅसलीनने बंद करायच्या. सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीच्या गोल, मध्ये दबलेल्या लाल पेशी दिसतात. अर्धाएक तास थांबून पुन्हा पाहिलं की त्याच पेशी लांबट झालेल्या, टोकं काढलेल्या दिसतात, काहींना विळ्यासारखा बाक आलेला असतो. बाहेरून काहीही आत गेलेलं नसतं, फक्त प्राणवायू निघून गेलेला असतो. शरीराच्या आत, केशवाहिन्यांमध्ये, हेच घडतं.

निरोगी लाल पेशी ही आपल्या शरीरातली सर्वांत रिकामी पेशी आहे. अस्थिमज्जेत ती जन्म घेते तेव्हा तिला केंद्रक असतं. चार-पाच वेळा विभाजन होऊन एकीच्या सोळा ते बत्तीस पेशी होतात, आणि मग प्रत्येक पेशी आपलं केंद्रकच बाहेर टाकते. शेजारच्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. रक्तात उतरल्यावर दोनेक दिवसांत मायटोकाँड्रिया आणि प्रथिनं बनवणारे रायबोसोमही जातात. उरते ती लवचिक आवरणाची एक पिशवी आणि तिच्यात ठासून भरलेले हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू. अशा पेशीला दुरुस्ती करता येत नाही, नवं प्रथिन बनवता येत नाही, पुन्हा विभाजितही होता येत नाही. जे सामान घेऊन ती निघाली, त्यावरच तिला 120 दिवस काढायचे असतात. शरीर सेकंदाला वीस लाखांहून जास्त अशा पेशी तयार करतं, कारण तेवढ्याच दर सेकंदाला बाद होतात.

सिकलसेलमध्ये चूक असते ती 11 व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात, आणि तीही एकाच अक्षराची. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसतं. व्हॅलीनला पाण्याचं वावडं. प्राणवायू सोडून दिल्यावर हा रेणू शेजारच्या रेणूवरच्या खाचेत अडकतो, त्याला तिसरा चिकटतो, आणि बघता बघता चौदा पदरी ताठ दोर तयार होतात. ते पेशीला आतून ताणतात. सात-आठ मायक्रॉनची पेशी पाच मायक्रॉनच्या केशवाहिनीतून जाताना एरवी सहज दुमडते, ती आता दुमडत नाही. तिथे अडकते, मागून येणाऱ्यांना अडवते, पुढच्या स्नायूला आणि हाडाला रक्त मिळत नाही. घरचे ज्याला 'दुखणं उठलं' म्हणतात आणि डॉक्टर ज्याला क्रायसिस म्हणतात, ते हे.

पण मग एसएस असलेल्या मुलाच्या सगळ्याच पेशी प्रत्येक फेरीत का अडकत नाहीत? प्राणवायू तर प्रत्येक पेशी प्रत्येक फेरीत सोडते. या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी 1974 च्या सुमारास शोधलं. सिकलसेलवर झालेल्या सगळ्या संशोधनात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं, आणि सामान्य वाचकापर्यंत ते जवळजवळ पोचलेलंच नाही.

त्यांना दिसलं ते असं. प्राणवायू गेल्याबरोबर दोर तयार होत नाहीत. आधी काही काळ काहीच घडत नाही, आणि मग एकदम भराभर दोर वळले जातात. या शांत काळाला ते 'डिले टाइम' म्हणतात, आपण त्याला विलंबकाळ म्हणू. पेशी केशवाहिनीत असते साधारण एखादा सेकंद, आणि फुफ्फुसात परतायला तिला आणखी काही सेकंद लागतात. तिथे प्राणवायू मिळाला की रेणू पुन्हा सुटे होतात. म्हणजे विलंबकाळ या प्रवासापेक्षा मोठा असेल तर पेशी सुखरूप परतते, आणि छोटा असेल तर वाटेत अडकते. बहुतेक पेशी बहुतेक वेळा परततात, म्हणूनच हे मूल खेळतं, शाळेत जातं, परीक्षा देतं.

आता हा विलंबकाळ कशाने ठरतो? पेशीतल्या सदोष हिमोग्लोबिनच्या दाटपणाने. आणि हे नातं सरळ नाही. दाटपणा जेवढा वाढतो, त्याच्या सुमारे तिसाव्या घाताने विलंबकाळ कमी होतो. गणित करून पाहा : पेशीतलं पाणी कमी होऊन दाटपणा फक्त दहा टक्क्यांनी वाढला, तरी मिळणारा वेळ सतराव्या हिश्शावर येतो. पाच टक्क्यांनी वाढला तरी चौथ्या हिश्शाच्या आसपास. वाहक व्यक्तीच्या पेशीत सदोष हिमोग्लोबिन साधारण चाळीस टक्केच असतं, त्यामुळे तिचा विलंबकाळ भरपूर लांब असतो आणि तिला सहसा त्रास होत नाही. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, याचं खरं कारण हे आहे.

हे गणित नागपूरच्या उन्हाळ्यात आणून ठेवा. पारा 45 वर, घामाच्या धारा, मूल दुपारी शाळेतून किंवा शिकवणीतून सायकल हाणत येतं. शरीरातलं पाणी घटलं की पेशीतलंही घटतं. शिवाय सिकल झालेल्या पेशीच्या आवरणातून पोटॅशियम गळतं आणि त्याच्यामागे पाणी बाहेर पडतं, म्हणजे एकदा अडकलेली पेशी पुढच्या खेपेला आणखी लवकर अडकते. त्यात भर मूत्रपिंडाची. या मुलांच्या मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला लहान वयातच इजा होते आणि लघवी घट्ट करून पाणी राखण्याची त्याची ताकद जाते. त्यांना लघवीला वारंवार लागतंच. ते निमित्त काढून वर्गाबाहेर जात नाहीत. 'सारखं काय पाणी, सारखं काय बाथरूम' म्हणून अशा मुलाला बाकावर बसवून ठेवलं, किंवा शाळेचं स्वच्छतागृह घाण आहे म्हणून मुलीनेच दिवसभर पाणी पिणं टाळलं, तर त्या वर्गात जे घडतं त्याला मी आरोग्याची हानी म्हणेन, शिस्त म्हणणार नाही. बाहेरच्या उन्हातून थेट कडक एसीत बसवणंही वाईट. थंडीने रक्तवाहिन्या आक्रसतात, पेशीचा प्रवास रेंगाळतो आणि विलंबकाळ संपून जातो.

शाळा उघडताना प्रत्येक मुख्याध्यापकाने एवढं तरी करावं : बाटली बाकावर ठेवायची परवानगी, न विचारता बाहेर जायची मुभा, ताप आला की त्याच दिवशी घरी फोन. याला पैसा लागत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वाच्या यादीत केलेला आहे, तेव्हा ही मेहरबानीची बाबही नाही.

विलंबकाळ लांबवण्याचा दुसरा उपाय औषधाचा, आणि त्याचा संबंध थेट पेशीविभाजनाशी आहे. हायड्रॉक्सियुरिया ही मुळात कॅन्सरची कॅप्सूल. आईवडील चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जातात, तिथे कोणीतरी 'ही तर कॅन्सरची' म्हणतं, आणि कॅप्सूल कपाटात पडून राहते. हे औषध डीएनएचे सुटे भाग बनवणाऱ्या एका विकराला रोखतं. डीएनएची नक्कल झाल्याशिवाय पेशीला विभाजन करता येत नाही, म्हणून कॅन्सरच्या पेशींना त्याने आळा बसतो. कमी मात्रेत दिलं की मज्जेतल्या विभाजनाची लय बदलते आणि गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बनवू शकणाऱ्या पेशी पुढे येतात. हे गर्भातलं हिमोग्लोबिन त्या चौदा पदरी दोरात बसत नाही. ते जितकं जास्त, तितका विलंबकाळ लांब. एसएस बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं तेही याच हिमोग्लोबिनमुळे. ते ओसरू लागलं की साधारण सहाव्या महिन्यानंतर हातापायांची बोटं सुजून बाळ रडायला लागतं.

भारतीय रुग्णांत हे गर्भ-हिमोग्लोबिन मुळातच जास्त, म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य, असं बराच काळ पुस्तकांत लिहिलं जात होतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या मेडिकलमध्ये, डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या, आणि इथे तीव्र आजाराची मुलं भरपूर आहेत हे दाखवून दिलं. मग त्यांनी अशा मुलांना वजनाच्या दर किलोला रोज फक्त 10 मिलिग्रॅम अशी ठरावीक कमी मात्रा देऊन पाहिली. परदेशात मात्रा वाढवत जास्तीत जास्त सोसेल तिथवर नेतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दुखण्याचे झटके, रक्त चढवण्याची गरज आणि रुग्णालयातले दिवस, तिन्ही कमी झाले. कमी मात्रा म्हणजे कमी रक्ततपासण्या, आणि गावातून दर महिन्याला नागपूरला यावं लागणाऱ्या घरासाठी ही मोठी गोष्ट आहे. या कामाचं मोल एखाद्या नव्या शोधाइतकंच आहे असं माझं मत आहे.

सोबत दिली जाणारी फॉलिक आम्लाची गोळीही टॉनिक म्हणून नसते. या मुलांच्या लाल पेशी 120 ऐवजी दहा-वीस दिवसच जगतात, मज्जेला अखंड विभाजन करत राहावं लागतं, आणि डीएनए बनवायला फॉलेट लागतं.

आता जनुकीय उपचार. ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये आणि पाठोपाठ अमेरिकेने मंजूर केलेल्या 'कॅसजेव्ही'त रुग्णाच्या मज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढतात, एका जनुकाचं बटण क्रिस्परने कापतात, तीव्र केमोथेरपीने जुनी मज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी परत सोडतात. रक्तातल्या लाल पेशीला केंद्रकच नसल्याने दुरुस्ती तिथे करता येत नाही, ती मूळ पेशीतच करावी लागते. कापलेल्या त्या बटणाने होतं काय? गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. म्हणजे अमेरिकेत 22 लाख डॉलर किंमत लावलेला उपचार आणि काही रुपयांची कॅप्सूल, दोन्ही एकाच रेणूच्या मागे आहेत. 'बिरसा 101' ही किंमत खूप खाली आणू शकला तर त्याचं मी मनापासून स्वागत करेन. पण त्याला वैद्यकीय चाचण्यांची वाट चालायची आहे, आणि नंतरही केमोथेरपी, आठवडेच्या आठवडे जंतुरहित खोली, प्रशिक्षित परिचारिका हे सगळं लागेलच. तोवर कॅप्सूल तालुक्याच्या रुग्णालयात अखंड मिळाली पाहिजे.

लग्नाआधीच्या तपासणीवर पुष्कळ बोललं जातं, म्हणून दोनच मुद्दे. पहिला : दोघंही वाहक असतील तर मूल एसएस होण्याची शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारात एक असते. बीजपेशी तयार होताना जोडीतलं एकच जनुक पुढे जातं, आणि ही निवड दर वेळी नव्याने होते. 'एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली' हा हिशेब घातक आहे. दुसरा मुद्दा धरमपेठेतल्यांसाठी : 'आमच्यात सिकल नसतं' म्हणणाऱ्या घरात बीटा थॅलेसिमियाचा वाहक असू शकतो. त्याचं लग्न सिकल वाहकाशी झालं तर मुलाला दोन्हींचा मिळून सिकलसेल आजार होऊ शकतो. शिबिरातली सोल्युबिलिटी टेस्ट थॅलेसिमिया दाखवत नाही, त्याला एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. आणि या सगळ्यात वाहक मुलाचं लग्न जुळतं, वाहक मुलीचं मोडतं, हे थांबलं पाहिजे.

राष्ट्रीय सिकलसेल अभियान 1 जुलै 2023 रोजी शहडोलमध्ये सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचं लक्ष्य. माझी शंका आकड्यांबद्दल नाही, क्रमाबद्दल आहे. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये नळीतलं द्रावण गढूळ झालं आणि मागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की नमुना पॉझिटिव्ह. पण सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन एवढं असतं की त्या रेघा बहुधा स्पष्ट दिसतात, आणि एसएस बाळ 'नॉर्मल' ठरून घरी जातं. नेमका याच बाळांना सर्वांत मोठा धोका असतो, कारण प्लीहा निकामी होऊ लागते आणि न्यूमोकॉकससारखा जंतू काही तासांत जीव घेऊ शकतो. दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि वेळेवर लस दिली तर हे मृत्यू टळतात. त्यासाठी वाहक आईच्या बाळाची टाच टोचून जन्मानंतर लगेच एचपीएलसी करावी लागते. मेडिकलने मुंबईच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेसोबत अशी नवजात तपासणी नागपुरात करून दाखवली आहे. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये छापूनही आले. पूर्व विदर्भातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात ती आता नेमाने व्हायला हवी, आणि 19 जूनला जाहीर होणाऱ्या आकड्यांत किती नवजात बाळांना पेनिसिलिन सुरू झालं, हा आकडा सर्वांत वर यायला हवा.