लिनक्सची ओळख : काढलं म्हणजे गेलं का?

मागच्या भागात पॅकेज म्हणजे काय आणि ते रिपॉझिटरीतून आपल्या मशीनवर कसं येतं, ते पाहिलं. आज त्यातल्या जरा खोडकर जातीकडे वळू. कंपनीच्या, कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कशी आपलं मशीन जोडून देणारं सॉफ्टवेअर, म्हणजे नेटवर्क क्लायंट. व्हीपीएन क्लायंट हा त्यातला सगळ्यांच्या परिचयाचा.

नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापुरात लिनक्स कोण वापरतं, असा प्रश्न काहींना पडतो. न्यायालयांच्या संगणकीकरणाचा ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. त्यात देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग निवडला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने या न्यायालयांसाठी उबुंटू हे लिनक्स घेतलं. खटल्यांची नोंद ठेवणारी केस इन्फर्मेशन सिस्टीम एनआयसी या सरकारी संस्थेच्या पुणे केंद्राने तयार केली. तारीख कधीची पडली हे विचारायला जाणारा पक्षकार लिनक्सच्याच दारात उभा असतो, फक्त त्याला ते कुणी सांगत नाही. शिवाय पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांचं काम घरून करणारी पोरं आता नांदेड जिल्ह्यातही आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींच्या लॅपटॉपवर उबुंटू असतं. आजचा भाग मुख्यतः त्यांच्यासाठी.

साधं सॉफ्टवेअर टाकलं की ते आपल्या कोपऱ्यात गुमान बसतं. चित्र काढायचं सॉफ्टवेअर चित्रच काढतं. नेटवर्क क्लायंटचं तसं नाही. तो मशीनचा रस्ताच बदलतो. ‘टन-झीरो’ नावाचा एक आभासी इंटरफेस उभा करतो, कुठलं पॅकेट कुठून जायचं याच्या तक्त्यात स्वतःच्या ओळी घालतो, आणि वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हरही बदलून ठेवतो. वर मशीन सुरू होताच आपोआप जागी होणारी एक सेवा मागे ठेवतो ती वेगळीच. केळीच्या बागेत ठिबकची नवी लाइन जोडताना मेन लाइनचा व्हॉल्व्ह तिकडे वळवतात. उद्या ती लाइन उपटून नेली आणि व्हॉल्व्ह तसाच राहिला, तर मोटर चालू असूनही बाग कोरडी राहते. क्लायंट काढल्यावर ‘नेट गेलं’ अशी जी बोंब होते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आधी बसवण्याचं पाहू. आज्ञा इथे नागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत करायच्या. कंपनीने ओपनव्हीपीएनची फाइल दिली असेल, तर बाहेरचं काहीही उतरवायची गरज नाही. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ लिहून पुढे ‘नेटवर्क-मॅनेजर-ओपनव्हीपीएन-नोम’ हे पॅकेज मागायचं, मग सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या पानावर ती फाइल आयात करायची. वायरगार्ड तर मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीपासून थेट कर्नलमध्येच आहे. सिस्को, ग्लोबलप्रोटेक्ट किंवा फोर्टिनेटच्या सर्व्हरशी बोलायचं असेल, तर ‘ओपनकनेक्ट’ हा रिपॉझिटरीतला क्लायंट पुष्कळदा पुरतो. कंपनीची परवानगी मात्र आधी विचारून घ्यावी.

तरीही काही कंपन्या स्वतःची डेब फाइल, म्हणजे सुटं पॅकेज, हातात ठेवतात. ती डबल-क्लिक करून टाकण्यापेक्षा टर्मिनलमध्ये ‘ॲप्ट इन्स्टॉल’ला फाइलचा पत्ता द्यावा, म्हणजे लागणारी बाकीची पॅकेजं तो स्वतः ओढून आणतो. त्याआधी तीच आज्ञा ‘वजा एस’ लावून चालवली, तर काय काय बदलणार याची यादी दिसते आणि प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. हे एक मिनिटाचं काम माणसं टाळतात आणि नंतर तासभर डोकं धरून बसतात.

आता काढणं. पहिली गोष्ट, आधी जोडणी तोडा आणि मगच सॉफ्टवेअरला हात लावा. व्यवस्थित लिहिलेला क्लायंट जोडणी तोडतानाच रस्ते आणि डीएनएस पूर्ववत करतो. चालू जोडणीवर त्याला उचकटलं तर ती आवराआवर करायला मागे कुणी उरत नाही.

‘ॲप्ट रिमूव्ह’ने प्रोग्राम जातो, पण सेटिंगच्या फाइली राहतात. ‘डीपीकेजी वजा एल’च्या यादीत अशा पॅकेजापुढे ‘आरसी’ ही अक्षरं दिसतात. काढलंय, पण सामान आहे, एवढाच त्याचा अर्थ. सामानासकट घालवायचं तर ‘पर्ज’ वापरावं. पण पर्जसुद्धा तुमच्या होम फोल्डरला शिवत नाही आणि नेटवर्क मॅनेजरने जपून ठेवलेली प्रोफाइलंही तशीच राहतात. त्यात पासवर्ड असू शकतो. जुना लॅपटॉप विकणाऱ्यांनी ती सेटिंग्जमध्ये जाऊन हाताने पुसावीत.

‘ऑटोरिमूव्ह’ चालवताना पडद्यावरची यादी वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका. त्यात नेटवर्क मॅनेजरचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. नेट देणारंच गेलं, तर ते परत आणायला नेट कुठून आणणार?

आणि काढल्यावर वेबसाइट उघडेनाशा झाल्या तर? टर्मिनलमध्ये ‘पिंग ८.८.८.८’ करून पाहा. उत्तर आलं, पण नावाने केलेलं पिंग अडलं, तर वायर, वायफाय, राउटर सगळं ठणठणीत आहे. दोष डीएनएसचा आहे. ‘ईटीसी’ फोल्डरातली ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ फाइल उघडा. नव्या उबुंटूत ती खरी फाइल नसून सिस्टिमडीच्या फाइलकडे नेणारा दुवा असतो आणि तिच्यात १२७.०.०.५३ हा पत्ता दिसतो. त्याऐवजी तिथे दहापासून सुरू होणारा कंपनीच्या आतला पत्ता सापडला, तर चोर सापडला. तो दुवा पुन्हा जोडला आणि मशीन रीस्टार्ट केलं की गाडी रुळावर येते. या दोषापायी लोक अख्खं उबुंटू पुन्हा टाकतात, ते निव्वळ अज्ञानापोटी.

राहिली डेब फाइलवाल्यांची एक खोड. त्यातले काही जण ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ फोल्डरात स्वतःच्या रिपॉझिटरीचा पत्ता आणि बहुधा दुसऱ्या जागी तिची किल्ली ठेवून जातात. क्लायंट गेला तरी दर ‘ॲप्ट अपडेट’ला मशीन त्या दारात जाऊन येतं. ती फाइलही काढा. कधी काय आलं आणि काय गेलं हे आठवत नसेल, तर ‘व्हार’ फोल्डरातल्या लॉगमध्ये ॲप्टची ‘हिस्टरी.लॉग’ फाइल तारीखवार सगळं सांगते.

माझं मत विचाराल तर, रिपॉझिटरीतल्या क्लायंटने काम भागत असताना कंपनीची डेब फाइल घेऊ नये. घ्यावीच लागली, तर टाकण्याआधी ‘आयपी रूट’ आणि ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ या दोन आज्ञांचं उत्तर फोनच्या कॅमेऱ्यात टिपून ठेवा. काढल्यावर त्याच आज्ञा पुन्हा चालवून फोटोशी ताडून पाहा. पुढच्या आठवड्यात फायरवॉल.