जुन्या इंजिनाचे सांधे आणि लेपांची निवड

काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरचे, सिंगरेणीच्या कोळशावर वाढलेले बेल्लमपल्ली २०१६ पासून महसुली दप्तरात मंचेरियाल जिल्ह्यात दाखल झाले. त्यापूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. उन्हाळ्यात जेथे पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि हवेत कोळशाची धूळ असते, अशा मुलखात जुनी अम्बॅसिडर निगुतीने बाळगणाऱ्या गृहस्थाला सांध्यांतून पाझरणाऱ्या तेलाचा परिचय असतोच. कारण त्या तेलावर धूळ बसून असा काही काळा थर जमतो की, गळतीचा उगम कोठे आहे हेच दिसेनासे होते. म्हणून लेपाची नळी विकत आणण्यापूर्वी इंजिन रॉकेलने स्वच्छ धुऊन, पुसून, थोडा वेळ चालवून, पहिला ओलावा कोणत्या सांध्यावर येतो ते बॅटरीच्या उजेडात पाहणे हे आद्य कर्तव्य होय.

१९५७ साली उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघू लागलेली आणि २०१४ पर्यंत निघत राहिलेली ही गाडी मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डची वंशज. तिचे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन ज्या काळी आखले गेले, त्या काळी सांधा बंद राखण्याचा मुख्य भार जाड बूच, कागद किंवा तांब्याच्या पॅकिंगवर टाकलेला असे. लेप हा केवळ साहाय्यक. ही मूळ योजना ध्यानी न घेता, वाकलेल्या पत्र्याचा दोष लेपाच्या जाड थराखाली दडपण्याचा जो दस्तूर गॅरेजांतून पडला आहे, तो मला सर्वस्वी चुकीचा वाटतो.

टॅपेटची बाजूची दोन झाकणे पाहावीत. ती मॅनिफोल्डच्या खाली, धगीच्या सान्निध्यात असल्याने त्यांचे बुचाचे पॅकिंग कडक होते, आक्रसते. मग गळती थांबावी म्हणून बोल्ट अधिकाधिक आवळला जातो, आणि त्याच्या छिद्राभोवतीचा पत्रा आत दबतो. असे झाकण काढून सपाट लोखंडावर ठेवावे आणि छिद्राची उचललेली कड हलक्या हातोडीने बसवावी. मग नवे पॅकिंग झाकणाच्या बाजूला चिकटवून, इंजिनाच्या बाजूला ग्रीसचा नुसता हात फिरवावा. बुचावर दोन्हीकडून सिलिकॉन चोपडल्यास ते वंगणासारखे वागते आणि आवळताच पॅकिंग बाहेर सरकते.

कागदी पॅकिंगसाठी आपल्याकडील जुना भरवशाचा पदार्थ म्हणजे शेलॅक, अर्थात पळस-कुसुमावर पोसलेल्या कीटकाची लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेला लेप. तेलापुढे तो टिकतो. मात्र उन्हाळ्यात स्पिरिट झपाट्याने उडून जात असल्याने तो थोड्या थोड्या भागावर लावावा लागतो, आणि पुढे सांधा उघडताना तो खरवडण्याचे कष्ट पडतात. पेट्रोलच्या सांध्यावरही तो चालतो, असा जुन्या कारागिरांचा दाखला आहे; पण आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि लाख विरघळते ती मद्यार्कातच. तेव्हा कार्बुरेटरच्या सांध्यावर शेलॅकचा भरवसा धरू नये. तेथे सपाट फेस व कोरडे, नवे पॅकिंग हाच इलाज. सिलिकॉनही तेथे वर्ज्य, कारण पेट्रोलने ते फुगते.

सिलिकॉनला मी सरसकट त्याज्य ठरवत नाही. तेलाच्या चेंबरचे लांब पॅकिंग आणि मेन बेअरिंगच्या कॅपवरील अर्धगोल पट्टी जेथे मिळतात, त्या कोपऱ्यात त्याचा तिळाएवढा ठिपका मोलाचा ठरतो. पण बोटभर जाड रेघ ओढली, तर आतल्या बाजूला पिळून आलेली तिची दोरी तुटून तेलाच्या जाळीत अडकते, तेलाचा दाब पडतो, आणि थेंबभर गळतीच्या बंदोबस्तापायी बेअरिंगे गमावण्याची पाळी येते. हवेतील ओलाव्यावर घट्ट होणारा हा पदार्थ बेल्लमपल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात हळू पिकतो, हेही लक्षात ठेवून इंजिन सुरू करण्याची घाई टाळावी.

पाण्याच्या पंपाला आणि थर्मोस्टॅटच्या टोपीला, पुढेमागे उघडावे लागणार म्हणून, न सुकणाऱ्या लेपाचा पातळ हात पुरे. रोल्स-रॉइसच्या विमानी इंजिनांच्या गरजेतून निघालेला निळा हायलोमार या जातीचा आहे. हेड पॅकिंगला मात्र, बनविणाऱ्याने सांगितल्याखेरीज, काहीही लावू नये. नट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. जुने तांबे-अॅस्बेस्टॉसचे हेड पॅकिंग काढताना कोरडे खरवडू नये. ओले करूनच काढावे, कारण त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

इतके करूनही गिअरबॉक्सच्या बाजूने तेलाचा थेंब पडत राहिला, तर त्यावर लेपाचा इलाज नाही. तेथे या इंजिनाला रबरी सील नसून क्रँकवर कोरलेल्या आट्यांनी फिरता फिरता तेल मागे ढकलण्याची योजना आहे. बेअरिंग झिजले की ती दुबळी पडते. तेव्हा आधी ब्रीदरची नळी चोंदली आहे का ते तपासावे, कारण आतला दाब वाढला म्हणजे हाच सांधा पहिल्याने गळू लागतो.