पहाऱ्यावरचा मातीचा मावळा

दसरा उलटला आणि सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, की पुण्यात मातीला भाव येतो. एरवी "हात धुऊन ये आधी" म्हणून दटावणारी आई स्वतः माळ्यावरून जुनं गोणपाट काढून देते. जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात, नाहीतर गच्चीवर विटा-दगडांचा ढीग रचला जातो. त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप, वर चाळलेली माती आणि तिच्यावर अळीव नाहीतर मोहरी. चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. कुणीतरी दवाखान्यातून सलाईनची नळी पैदा करतो आणि गडावर कारंजं उडू लागतं. एवढं झालं की सैन्यभरतीसाठी स्वारी निघते ती कसबा पेठेतल्या कुंभारवाड्याकडे.

भरतीचे नियम ठरलेले. सिंहासनावर बसलेले महाराज पहिले. मग ढाल-तलवारवाले मावळे, भालदार, तुतारीवाला, एखादी तोफ, डोक्यावर घडा घेतलेली गवळण आणि गुहेत बसवायला वाघ. प्रमाणाची काळजी कुणी करत नाही. मावळा महादरवाजातून आत जाऊ शकत नाही, कारण तो दरवाजापेक्षा उंच असतो. महाराज तर बालेकिल्ल्याहून मोठे. मुलांना त्यात काही खटकत नाही. ज्याचा मान मोठा त्याची मूर्ती मोठी, हा हिशेब त्यांना कुणी न सांगता कळतो.

परदेशात स्थायिक झालेला माझा एक भाचा मात्र प्रमाणाच्या बाबतीत भलताच काटेकोर. त्याच्या घरी शिपायांची अख्खी फौज आहे, धातूची, एकेक शिपाई जेमतेम इंचभर उंच. भिंग लावून, दोन-चार केसांच्या कुंचल्यानं तो त्यांचे गणवेश रंगवतो. कोणत्या पलटणीच्या कोटाची कॉलर कोणत्या रंगाची, यासाठी पुस्तकं धुंडाळतो. मग रविवारी मित्र जमतात, जेवणाच्या टेबलावर टेकड्या-नद्या मांडतात आणि फासे टाकून, मोजपट्टीनं अंतरं मोजून जुन्या लढाया पुन्हा लढतात. त्याची आवडती लढाई आपल्याकडचीच आहे, असईची. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची गाठ पडली. समोर होता पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलस्ली. शिंद्यांचं कवायती पायदळ आणि तोफखाना पाश्चात्य खेळाडूंना इतका मोलाचा वाटतो, की तिकडचे कारखानदार मराठा शिपायांचे नमुने ओतून विकतात.

टेबलावरच्या या लढाईचं मूळ शोधू गेलं तर बोट आपल्याकडेच वळतं. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ असं चार अंगांचं सैन्य पटावर मांडणारा चतुरंग हा आपला खेळ, बुद्धिबळाचा पूर्वज. पुढे प्रशियात राइसविट्झ पिता-पुत्रांनी नकाशावरचा युद्धखेळ तयार केला आणि १८२४ मध्ये तिथल्या लष्करानं तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. १८९३ मध्ये इंग्लंडच्या विल्यम ब्रिटन कंपनीनं पोकळ शिसं ओतून शिपाई स्वस्त केले आणि ते सामान्य घरांत शिरले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं अशा शिपायांच्या खेळाचे नियम पुस्तकात छापले. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळा सोडायचा, जो शिपाई पडेल तो मेला. खऱ्या युद्धापेक्षा हे खोटं युद्ध किती बरं, असंही त्यानं त्यात बजावलं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

हा भाचा एका दिवाळीत पुण्यात होता. आमच्या इमारतीतल्या मुलांचा किल्ला त्यानं उकिडवं बसून, चोहोबाजूंनी निरखला आणि मला विचारलं, "मामा, सगळं छान आहे, पण शत्रू कुठंय?"

इतक्या दिवाळ्या पाहिल्या, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. खरंच, आपल्या किल्ल्यावर शत्रू नसतो. प्रतापगडाखालच्या भेटीचा देखावा बाजारात मिळतो, त्यात अफझलखान असतो, तो अपवाद. बाकी मोगलांची छावणी कुणी मांडत नाही, वेढा कुणी घालत नाही, कुणी हरत नाही. मावळे आपापल्या जागी उभे असतात आणि चार दिवस नुसते उभे राहतात.

त्याचं एक उत्तर मला मूर्ती घडवणाऱ्या एका बाईंनी दिलं. दोन भागांच्या साच्यात माती दाबायची, भाग जोडायचे, सांध्यावरून ओलं बोट फिरवायचं, सावलीत वाळवायचं, मग रंग. मिशी आणि डोळे सगळ्यात शेवटी. "तलवार उगारलेला मावळा करत नाही का?" मी विचारलं. "काका, हात वर केला की वाळतानाच मोडतो," त्या म्हणाल्या. म्हणून ढाल छातीशी, तलवार अंगालगत, आणि भाला हवा असेल तर मुठीला भोक ठेवून त्यात काडी. धातूचा शिपाई संगीन रोखून धावू शकतो. मातीला ते झेपत नाही. माती पहाराच देऊ शकते.

पण विचार करता करता वाटू लागलं, की नाइलाजानं का होईना, माती खरं तेच सांगते आहे. आपण इतिहासात लढायांच्या तारखा पाठ करतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला, ही एक रात्र. त्याच्या अलीकडे-पलीकडे त्या गडावर हजारो रात्री गेल्या, त्यांत कुणीतरी नुसतं जागत होतं. शिवकालात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि सरनोबत अशा तिघांकडे वाटलेला असे, म्हणजे एकटा कुणी फितूर झाला तरी गड जाऊ नये. संध्याकाळी दरवाजे बंद, सकाळी उघडायचे. रायगडाची हिरकणीची कथा खरी माना किंवा दंतकथा माना, ती उभी आहे ती बंद दरवाजाच्या शिस्तीवर. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त गडांविषयी लिहिलं, त्यातही भर आहे तो राखण्यावर. जागा निवडताना आधी पाणी पाहावं, झाडं जपावीत, अशी ती बारीकसारीक काळजी आहे. किल्ला लढण्यापेक्षा सांभाळण्यातच जास्त खर्ची पडतो. पोरांचा मातीचा मावळा नेमकं तेच काम करत असतो.

जुलै २०२५ मध्ये शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. आनंदाची गोष्ट आहे. त्याच वेळी दिवाळीच्या बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले रचून ठेवलेले दिसतात. पिशवीत घालून आणा, फ्लॅटच्या गॅलरीत ठेवा, काम झालं. नोकरी करणाऱ्या आईबापांना मी नावं ठेवणार नाही. गॅलरीत माती आणायची कुठून आणि सांडलेली काढायची कुणी, हे प्रश्न खरे आहेत.

पण तयार किल्ल्यात एक गोष्ट मिळत नाही. मातीचा किल्ला करताना पोरांचं पहिलं भांडण होतं ते पाण्यावरून. टाकं वर खोदलं तर चिखल घसरून दरवाजावर येतो. दरवाजा समोर ठेवला तर दुरून दिसतो, आड ठेवला तर वाट वळवावी लागते. पहिल्या दिवशी तट ढासळतो, दुसऱ्या दिवशी दगडांचा आधार देऊन पुन्हा उभा राहतो. डोंगर कसा उभा राहतो, हे हातांना कळतं. अशी बोटं घेऊन गेलेलं पोर सिंहगडाच्या देवटाक्याशी उभं राहिलं, तर त्याला कुणी माहिती सांगावी लागत नाही. तेच विचारतं, "इथं वर पाणी टिकलं कसं?"

भाच्याला मी शेवटी एवढंच सांगितलं, की आमच्या किल्ल्याचा शत्रू आतच असतो: ऊन, घसरणारी माती, रात्री येणारं मांजर आणि शेजारच्या बिल्डिंगमधला क्रिकेटचा चेंडू. तो हसला. पण त्या संध्याकाळी मांजरानं तुतारीवाला पाडला, तेव्हा गोंद घेऊन धावला तोच.

भाऊबीज झाली की किल्ला मोडतो. माती कुंडीत जाते, विटा जिन्याखाली. मावळे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून बुटांच्या खोक्यात आणि खोकं माळ्यावर. पुढल्या वर्षी उघडावं तर कुणाचा भाला गेलेला, कुणाचं नाक उडालेलं. मुलं त्याला फेकत नाहीत. त्याला मागच्या बाजूच्या बुरुजावर उभं करतात. तिथंही कुणीतरी लागतोच.